घाडगे सरांचं घर

"तुटलं म्हणू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "वाढवलं म्हण."

"तुटलंबी न्हाय आन् वाढवलंबी न्हाय," मी म्हणाले. "चोरलंय. मेल्यांनी दारात येऊन चोरलंय."

"हळू बोल."

त्यांनी डब्यातली मूठभर हळद माझ्या मानेवर दाबली आणि मी ओरडले. साखळी तुटताना मानेच्या मागच्या बाजूला चांगलीच कापून गेली होती. ब्लाऊजचा गळा रक्तानं भिजला होता. आत्याबाईंनी पुढचं दार लावून घेतलं, खिडकी लावली, आणि मगच माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या सासूबाई तशा खमक्या. पण त्या दिवशी लावलेली कडी त्या पुन्हा जाऊन बघून आल्या.

"हणमंता आत्ता खांबावर असंल," त्या म्हणाल्या. "ह्यातला एक शब्द बाहेर काढायचा न्हाय. तुला माझ्या गळ्याची आण हाय."

ही गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आजही दोन-चार जणी मला घरी येऊन झापतील. माझे यजमान हणमंत शेडगे वीज मंडळात वायरमन होते, आणि मी घरात फॉल-पिकोचं मशीन चालवत होते. त्या दिवशी भोगी होती. हे पहाटेच ड्युटीवर गेले होते. मी सण म्हणून कपाटातलं मंगळसूत्र काढून घातलं, अंगण सारवलं आणि फाटकाबाहेर रांगोळी काढायला बसले. अर्धं कमळ झालं असेल, तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. दोन पोरं. मागच्यानं विचारलं,

"काकू, घाडगे सरांचं घर कुठलं?"

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. काकू म्हटल्याचाच मला आधी राग आला. आमच्या कॉलनीत घाडगे सर नावाचा कुणी नव्हता. पण आपल्याकडे दारात आलेल्याला "माहीत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. मी उठले, कंबर सरळ केली, हात लांब केला आणि म्हणाले, "मागच्या गल्लीत बघा, शाळेच्या अंगाला." हात वर, मान मोकळी. एवढंच त्याला हवं होतं.

मी अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावले. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो. नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता आले. सत्तेचाळीस.

आत्याबाईंनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून माझ्या गळ्यात घातलं. दुपारी हे जेवायला आले आणि पहिल्याच घासाला त्यांनी विचारलं, "मानेला काय झालं?"

"पत्र्याची कड लागली," आत्याबाई माझ्याआधी बोलल्या.

ह्यांनी दोऱ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि गपचूप जेवले. हात धुवायला मागच्या अंगणात गेले तशी मी पाठोपाठ गेले आणि सगळं सांगितलं.

"मी पोलिसात जाणार हाय," मी म्हणाले.

"जाशील गं. पण आई म्हणती तसं कर थोडे दिवस."

"म्हंजे तुमालाबी वाटतं? माझं मंगळसूत्र गेलं म्हणून तुमाला काय हुईल?"

"मला न्हाय वाटत. पर मी खांबावर असतो तवा ती देवापुढं बसून असती. तिला आणि एक घोर कशाला? आन् गावाला कळलं तर येणारी-जाणारी बाई तिच्या तोंडावर हळहळ करणार. जाऊ दे."

असं म्हणाले खरे. पण सायकलला टांग मारण्याआधी त्यांनी खांबावर बांधायचा कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघितला. दहा वर्षांच्या संसारात मी त्यांना तसं करताना कधी बघितलं नव्हतं. तो पट्टा बघितला आणि माझी पोलिसात जायची हिंमत गेली.

संध्याकाळी आत्याबाईंनी मला बसस्थानकासमोरच्या इमिटेशनच्या दुकानात पाठवलं. तिथं बऱ्यापैकी दिसेल असा एकच नमुना होता: दोन वाट्या आणि मधे पिसारा फुलवलेला बारीक मोर. दुकानदार म्हणाला, "हाच चालतो ताई, लई खपतो." मी घातला आणि घरी आले. मानेवरची जखम दिसू नये म्हणून दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन फिरायला लागले. शेजारणी म्हणाल्या, शेडगीण भलतीच सोज्वळ झाली.

दहा दिवस मी गप्प बसले. हे मी स्वतःच्या बाजूचं म्हणून सांगत नाही. बाई म्हणून आपण फार तोंडाळ आहोत असा माझा समज होता, तो त्या दहा दिवसांत उतरला.

दहाव्या दिवशी शुक्रवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या एकोणीस बायका आल्या. दुपारी तीनची वेळ. आत्याबाई विधवा, म्हणून त्या पद्धतीप्रमाणे स्वयंपाकघरात दूध ढवळत बसल्या होत्या. मी एकेकीला हळदीकुंकू लावत होते, तिळगूळ देत होते, वाण म्हणून स्टीलची गाळणी देत होते. गजऱ्यांची पाटी बाजूला होती. गजरा ज्याचा त्यानं घ्यावा अशी रीत. पण भोईटे वहिनींचा अंबाडा मोठा, त्यांचा हात मागं पुरेना.

"वैजयंता, तूच माळ गं," त्या म्हणाल्या.

भोईटे वहिनी म्हणजे कॉलनीतलं मोठं घर. दिवाळीत त्यांनी नवं पाच तोळ्यांचं मंगळसूत्र सगळ्यांना हातात देऊन दाखवलं होतं, वजन बघा म्हणून. मी त्यांच्या मागं गेले, अंबाड्यात पिन खोवली आणि खाली मानेकडे लक्ष गेलं. मंगळसूत्राचा फासा काळा पडला होता. माझाही पाचव्या दिवशी असाच काळा पडला होता. मी पुढं येऊन बघितलं. दोन वाट्या आणि मधे मोर.

मी पाटी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज सगळ्यांना गजरा मीच माळणार. कुणी हातानं घ्यायचा न्हाय."

बायका खूश झाल्या. "लाडात आलीय आज," असं कुणीतरी म्हणालं. मी एकेकीच्या मागं जाऊन गजरा माळत होते आणि फासे बघत होते. रोज डोळ्यांत तेल घालून साडीची कड बघणारी बाई मी, मला ते अवघड नव्हतं. भोईटे वहिनी धरून पाच मोर निघाले. माझा सहावा. कुमुद ननावरे शेवटी बसली होती. तिनं गळाबंद ब्लाऊज घातला होता. गजरा माळताना तो जरासा सरकला आणि कानाखालून पुढं गेलेला लांब व्रण दिसला. श्रावणात कुमुद आठ दिवस फक्त पेज पीत होती. टॉन्सिल सुजलेत म्हणून सांगायची.

माझं डोकं फिरलं. खोटं का सांगू, आधी चोरांवर नाही फिरलं. ह्या बायकांवर फिरलं. भोईटे वहिनी माझ्या दारावरून रोज फुलं तोडायला जायच्या. एक शब्द बोलल्या असत्या तर मी त्या दिवशी हात वर केला नसता. आणि मग लगेच कळलं की मी तरी काय केलं? दहा दिवसांनी रथसप्तमी होती. घरोघरी दारात दूध उतू घालवणार, रांगोळ्या निघणार, कपाटातलं सोनं अंगावर येणार. तेव्हा जिचं जाईल तिचं माझ्यामुळं जाणार होतं.

मी गळ्यातलं काढलं आणि हळदीकुंकवाच्या ताटात ठेवलं.

सवाष्ण बाई हळदीकुंकवाला मोकळ्या गळ्यानं उभी.

"हे खोटं हाय," मी म्हणाले. "बसस्थानकासमोरनं आणलंय. माझं खरं भोगीला सकाळी दारात चोरलं. मोटारसायकलवर दोघं होते. आता मला सांगा, आणखी कुणाकुणाचं गेलंय?"

"वैजे!" आत्याबाई डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "गप!"

"दहा दिस गप बसले आत्याबाई."

"सणाच्या दिवशी असलं बोलतात का गं?" भोईटे वहिनी म्हणाल्या. "आमी काय हे ऐकायला आलोय?"

"सणाच्या दिवशीच चोरत्यात वहिनी. तुमचं कवा गेलं?"

"माझं? माझं कपाटात हाय. आजकाल चोऱ्या होत्यात म्हणून मी हे घालते."

"चोऱ्या होत्यात हे तुमाला कुणी सांगितलं? ह्या कॉलनीत तर आजवर कुणाच्याच तोंडातनं चोरीचा शब्द निघालेला न्हाय."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, वाणाची गाळणी तिथंच ठेवली आणि चपला शोधायला लागल्या. आणखी दोघी चुळबुळ करत उठल्या. मला वाटलं, संपलं. उद्यापासून ह्या कॉलनीत माझ्याकडे कुणी फॉल लावायला पण टाकणार नाही. आत्याबाई आत निघून गेल्या. मी ताट धरून उभीच होते. मोकळा गळा मी पदरानं झाकला नाही, तेवढं केलं.

"त्यांनी तुला काय विचारलं?"

कुमुद होती. आवाज एवढा बारीक की शेजारचीला पण ऐकू आला नसेल.

"घाडगे सरांचं घर," मी म्हणाले.

कुमुदनं ब्लाऊजचं वरचं बटण काढलं. "मलाबी," ती म्हणाली. "नागपंचमीला. मी वारुळाला निघाले होते. साखळी तुटना, म्हणून त्यांनी मला फरपटत नेलं. सासू म्हणाली, नवऱ्याचं आयुष्य कमी हुईल, कुणापाशी बोलू नको."

"माझं हरतालिकेला," कोपऱ्यातली पोस्टमनची बायको म्हणाली. "माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत न्हाय अजून. घाडगे सरच विचारले."

"घटाला," तिसरी म्हणाली.

"लक्ष्मीपूजनाला. आमाला वाटलं आमच्याच घरावर काय तरी फेरा आलाय. सव्वा महिना उपास धरले मी."

मग बोलणं आवरेना. प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या एकटीचंच नशीब वाईट. त्या नसलेल्या घाडगे सरांचा पत्ता प्रत्येकीनं अगदी मन लावून सांगितला होता, आणि प्रत्येकीनं वेगळ्या दिशेला. कुमुदनं सांगितलं देवळामागं. पोस्टमनच्या बायकोनं तर "नवीन बांधलंय ते गुलाबी घर" असं सांगितलं होतं. तिचं तिलाच हसू आलं आणि मग सगळ्याच हसलो, रडत पण होतो. त्या हसण्यात भोईटे वहिनी कधी बाहेर पडल्या कळलं नाही.

"चला," मी म्हणाले.

"कुठं?"

"पोलिसात. आत्ता. उद्या म्हटलं तर उद्या आपापल्या घरात बसाल."

"अशा? पैठण्या नेसून?"

"अशाच. डोक्यातला गजरा पण काढायचा न्हाय."

कुमुदला पाणी दिलं, दूध तसंच राहिलं. दारात बघते तर आत्याबाई चपला घालून उभ्या. पांढरी साडी नीट केलेली, हातात पिशवी.

"मीबी येती," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मला अडवायला येतायत, नाहीतर मी तिथं आणखी काय बोलते ते ऐकायला. त्यांची आण मी भर सभेत मोडली होती. पण वाद घालायला वेळ नव्हता.

ठाण्यात बसलेले अंमलदार मध्यमवयीन होते, मिशीला कलप लावलेला. सणासारख्या नटलेल्या पाच बायका आणि मागं आत्याबाई अशा एकदम आत आल्यावर त्यांनी आधी आम्हाला कुठल्यातरी कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला आलेल्या समजून बसायला सांगितलं. चोरीचं ऐकल्यावर म्हणाले, "ठीक आहे. एकीची तक्रार घेतो, बाकीच्यांची नावं खाली टाकू."

"न्हाय," मी म्हणाले. "पाच बायका, पाच तक्रारी."

"अहो ताई, कशाला वाढवताय? आणि खरं सांगू का, सणासुदीला अंगावर सोनं घालून रस्त्यावर वाकायचंच कशाला? आपली काळजी आपण घ्यायला नको?"

"साहेब, दार माझं, रांगोळी माझी आन् गळाबी माझा. मी घरात कोंडून घेतलं तर तुमी ह्या खुर्चीत बसून काय करणार? गळ्यातलं सांभाळायला मला शिकवू नका. मोटारसायकलचा नंबर लिहून घ्या. शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस."

"त्याच्या आधी एक आणि नऊ," पोस्टमनची बायको म्हणाली.

"लाल टाकी, आन् मागच्या दिव्याची काच फुटलेली," कुमुद म्हणाली. "मी खाली पडले हुते तवा डोळ्यांसमोर तीच हुती."

अंमलदारांनी चष्मा घातला. अर्धा अर्धा नंबर आमच्याकडे सहा महिने पडून होता, आणि कुणाला ते माहीत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या रथसप्तमीला आमच्या कॉलनीत एकही बाई घरात बसली नाही. सगळ्यांनी एकाच वेळेला रांगोळ्या काढल्या, दारादारांत, दोन्ही बाजूंना, आणि साध्या कपड्यातले दोन पोलीस पानपट्टीपाशी उभे होते. सव्वासातला मोटारसायकल आली. "घाडगे सर" एवढं ऐकलं आणि आख्खी गल्ली उठून उभी राहिली. कुमुद सगळ्यांत आधी पोचली. सोनं कुणाचंच परत मिळालं नाही. भोईटे वहिनी शेवटपर्यंत ठाण्यात आल्या नाहीत, आणि दोन वर्षं माझ्याशी बोलल्याही नाहीत. त्यांचं कपाटातच आहे म्हणे. पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं, ठाण्यातलं.

अंमलदारांनी कार्बन घातला, कागद सारखे केले. "आता तारखेनं घेऊ," ते म्हणाले. "सगळ्यांत पहिली चोरी कुणाची?"

"माझी," कुमुद म्हणाली. "नागपंचमी."

"तिच्या आधी माझी."

आत्याबाई भिंतीकडच्या बाकावर बसल्या होत्या. आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. अंमलदारांनी त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे आणि पांढऱ्या साडीकडे बघितलं.

"तुमचं काय चोरलं आजी?"

"मंगळसूत्र."

"कधी?"

"सत्त्याऐंशी साली. चैत्रात. शिंगणापूरच्या यात्रेत गर्दीत पाठीमागनं ब्लेडनं कापलं."

पेन थांबलं. मी त्यांच्या घरात दहा वर्षं राहत होते. हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

"आजी, बावीस वर्षं झाली," अंमलदार म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "ती आमची हद्द पण नाही. तो चोर जिवंत आहे का नाही, देव जाणे. ही लिहून काय उपयोग?"

"सासू म्हणाली, कुणाला सांगू नगंस. न्हाई सांगितलं," आत्याबाई म्हणाल्या. त्या अंमलदारांशी बोलत होत्या का माझ्याशी, कळेना. "नवव्या दिवशी मालक उसाच्या ट्रॉलीखाली गेले. तिसऱ्या दिवसाचं सगळं उरकल्यावर सासू मला एकटीला आत घिऊन गेली आन् म्हणाली, तूच खाल्लंस त्येला. बावीस वरसं मी तेच धरून हाय. हणमंता खांबावर चढला की माझं काळीज खाली येतं. आज ह्या पोरींचं ऐकलं. पाच जणींचं गेलं आन् पाचीचे नवरे जित्ते हायती."

मी उठून त्यांच्याजवळ गेले. हात धरायला गेले तर त्यांनी तो बाजूला केला. त्यांना आधार नको होता, त्यांना बोलायचं होतं.

"उपेग तुमाला नसंल साहेब," त्या म्हणाल्या. "मला हाय. मला वाचता येत न्हाय, पर ही वाचून दाखवंल. मंगळसूत्र चोरानं नेलं आन् नवरा ट्रॉलीनं नेला. दोन्ही येगळं हाय. तसं येगळं येगळं लिवा."

अंमलदारांनी कागदावरची नागपंचमी खोडली आणि त्यांचं नाव विचारलं.